हाताच्या भेगा आणि मशीनच्या टाकीतलं दुधी पाणी

गेल्या थंडीत भाचा जेवायला बसला आणि आमटीत भात कालवता कालवता त्याने हात मागे घेतला. आमटी फार गरम नव्हती. बोटांच्या पेरांवर पडलेल्या भेगांत मीठ-तिखट शिरलं होतं. ताईने मुकाट्याने चमचा आणून दिला. तेवीस वर्षांचा मुलगा, आयटीआय झालेला, कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर. हातांची पाठ लालभडक, बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड, मनगटापर्यंत कातडीचे खवले. कुणीतरी ‘खरूज आहे’ म्हणून सांगितल्यामुळे घरात त्याचा टॉवेल वेगळा झाला होता. मेडिकलमधून आणलेल्या तीन ट्यूब खिडकीत पडलेल्या.

मी स्वतः पंधरा वर्षं मिरजेत टूलरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे असे हात मी ओळखतो. सांगली, मिरज, कुपवाड, पलूस, तिकडे साताऱ्याची एमआयडीसी, शिरवळ, जिथे जिथे धातू कापला जातो तिथे हे हात आहेत. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हापासून या भागातली किती घरं लेथवर जगली असतील! तरीही ‘कूलंटने, म्हणजे मशीनच्या टाकीतल्या त्या दुधी पाण्याने, हात का खराब होतात’ हा साधा प्रश्न कुणाला विचारला तर उत्तर येतं, ‘त्याला सोसत नाही.’ म्हणजे दोष कामगाराच्या कातडीचा. हे उत्तर मला पटत नाही. दोष बहुतेक वेळा टाकीत असतो आणि टाकी सुधारता येते. कसा, ते मुळापासून पाहू.

कूलंट म्हणजे काय, आणि ते लागतंच कशाला

लोखंडावर टूल, म्हणजे कापायचं हत्यार, घासलं जातं तिथे प्रचंड उष्णता तयार होते. ती काढून घेतली नाही तर टूलची धार जाते, जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, फुगतो आणि माप चुकतं. म्हणून कापण्याच्या जागी सतत द्रव सोडतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरने टूलवर पाण्याची भरपूर धार सोडून दाखवलं की कापण्याचा वेग बराच वाढवता येतो. पण नुसत्या पाण्याने लोखंड गंजतं आणि घर्षणही कमी होत नाही. तेल वंगण देतं, पण पाण्याइतकं थंड करत नाही. मग दोघांना एकत्र नांदवायची युक्ती निघाली.

तेल आणि पाणी आपणहून एकत्र येत नाहीत. दुधात मात्र स्निग्धांश आणि पाणी सुखाने एकत्र असतात, कारण मध्ये त्यांना धरून ठेवणारे घटक असतात. कूलंटचंही तसंच. त्यात साबणासारखी द्रव्यं असतात, त्यांना इमल्सिफायर म्हणतात. ती तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगते ठेवतात, म्हणून कूलंट दुधासारखं पांढरं दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये असतं ते हेच: शंभर भागांत साधारण पाच ते दहा भाग मूळ तेल आणि बाकी सगळं पाणी. काही कामांना, म्हणजे ब्रोचिंग, गिअर कटिंग अशा जड कामांना, पाणी न घातलेलं नुसतं कटिंग ऑइल वापरतात. काही कूलंटमध्ये खनिज तेल अजिबात नसतं, ती रंगाने पारदर्शक असतात.

पण डब्यातून येतं ते नुसतं तेल नसतं. गंज धरू नये म्हणून अमाइन नावाची क्षारधर्मी रसायनं, फेस येऊ नये म्हणून एक द्रव्य, जास्त दाबाखाली टूल जळू नये म्हणून गंधक किंवा क्लोरीनची संयुगं आणि पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून जंतुनाशक, असं सगळं त्यात असतं. पाळीच्या आठ तासांत ऑपरेटरचा हात या मिश्रणात किती वेळा जातो, मोजून पाहा. जॉब काढला, लावला, माप पाहायला गेज घातला, चिप्स, म्हणजे धातूच्या कातरणी, बाजूला केल्या. एका जॉबला दोन-तीन मिनिटंच लागत असतील तर हात वाळायला सवडच मिळत नाही.

दोन भाग जाडीची भिंत

मशीनवरच्या माणसाला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, सांगावा लागत नाही. हाताच्या पाठीवरच्या कातडीचा सगळ्यात वरचा, बाहेरचं बाहेर ठेवणारा थर साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. तुमच्या मायक्रोमीटरवरचे एक किंवा दोन भाग. एवढ्यावर सगळं संरक्षण. तळहातावर तो बराच जाड असतो, म्हणून तळहात टिकतो आणि आधी बेचक्या, हाताची पाठ, मनगट जातं.

हा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या, चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गारा. सांगलीकराला पुढचं समजायला वेळ लागणार नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरांत दिवसेंदिवस थांबलं होतं. पाणी शिरलं त्या तासाला किती भिंती पडल्या? बहुतेक नंतर पडल्या. भिजल्या, गारा सुटला, ऊन लागून तडकल्या, मग ढासळल्या. कातडीचं असंच होतं. एकदा कूलंट लागून काही बिघडत नाही. भिजणं, वाळणं, पुन्हा भिजणं, आणि मधला गारा रोज थोडा थोडा धुऊन जाणं, याने भिंत जाते. इमल्सिफायरचं कामच तेल पाण्यात ओढणं आहे. ते कटिंग ऑइल आणि कातडीतला स्निग्धांश यांत फरक करत नाही.

दुसरी गोष्ट आंबट-खाऱ्याची. पदार्थ किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, ते मोजायच्या पट्टीला पीएच म्हणतात. ७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्क. निरोगी कातडीचा पृष्ठभाग थोडा आम्लधर्मी, पाचच्या आसपास असतो. कूलंट मुद्दाम साडेआठ ते साडेनऊवर ठेवतात, कारण त्यात लोखंड गंजत नाही आणि जंतू कमी वाढतात. म्हणजे जी पातळी लोखंडाला सोसते ती कातडीला सोसत नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कूलंटमध्ये तरंगणारे धातूचे बारीक कण. हात पुसायच्या कापडातही तेच अडकलेले असतात. प्रत्येक पुसण्याबरोबर बारीक ओरखडे उठतात आणि भिजलेल्या भिंतीला भोकं पडतात. नुसत्या पाण्यानेही कातडी कमकुवत होते. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील तर त्या कामाला जर्मनीच्या नियमांत ‘ओलं काम’ म्हणतात आणि त्याची वेगळी काळजी घ्यायला सांगतात. आपल्या ऑपरेटरचे दोन तास पहिल्या चहाआधीच भरतात.

एकसारखे दिसणारे दोन आजार

डॉक्टर चिठ्ठीवर ‘कॉन्टॅक्ट डर्मटायटिस’ लिहितात. अर्थ एवढाच की कशाच्या तरी स्पर्शाने कातडीला आलेली सूज. तिचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची गोष्ट वेगळी आहे.

पहिला प्रकार वर सांगितलेल्या झिजेचा. कामावरच्या त्वचेच्या तक्रारींत हाच सर्वाधिक. तो कुणालाही होऊ शकतो, फक्त कुणाला सहा महिन्यांत तर कुणाला सहा वर्षांत. लहानपणी इसब किंवा दम्याची तक्रार असलेल्यांना लवकर होतो. आठवड्याची सुट्टी मिळाली की थोडा बरा वाटतो, कामावर गेलं की परत. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा वाढतो. एकदा नेमकं कारण हटवलं तर बहुतेक वेळा भिंत पुन्हा बांधली जाते, पण त्याला आठवडे लागतात. वरून बरी दिसणारी कातडी आतून कच्चीच असते, आणि ‘बरं झालं’ म्हणून आपण परत पूर्ववत सुरू करतो, तिथे फसतो.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. इथे शरीराची संरक्षण-व्यवस्था एखाद्या ठरावीक रसायनाला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे पहिल्या भेटीत होत नाही. महिने, वर्षं ते रसायन हाताला लागत राहतं, काही होत नाही. मग एक दिवस ओळख पटते. गावच्या पोलीस पाटलाने एकदा चोर हेरला की पुढे तो वेशीवर दिसला तरी ओरड होते, तसं. त्यानंतर त्या रसायनाचा किंचित अंशही पुरतो. संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी खाज आणि फोड उठतात, म्हणून माणसाला संबंध लागत नाही. मंगळवारी लागलेलं गुरुवारी उठतं आणि दोष गुरुवारच्या वांग्याच्या भाजीला जातो. ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही.

ॲलर्जी बहुधा तेलाची नसते. कूलंटमधल्या जंतुनाशकाची असते, विशेषतः हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्यांची किंवा आयसोथायाझोलिनोन नावाच्या गटातल्यांची. गंजरोधक अमाइनची, सुगंधाची असते. कापल्या जाणाऱ्या धातूचीही असते. निकेल, क्रोमियम, आणि कार्बाइड टूलला धार लावताना सुटणारा कोबाल्ट कूलंटमध्ये उतरतो. टूल ग्राइंडिंगवरच्या माणसाने हे खास लक्षात ठेवावं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा: पहिला आजार दुसऱ्याला दार उघडून देतो. भिंत शाबूत असेल तर ही रसायनं आत फारशी शिरत नाहीत. भेगा पडल्या की शिरतात आणि ओळख पटण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘नुसत्या भेगा आहेत, होतं असं’ म्हणून दोन वर्षं काढणं महागात पडतं. भाच्याने तेच केलं होतं.

नुसत्या कटिंग ऑइलवर काम करणाऱ्यांना याहून वेगळा एक त्रास होतो. तेलाने केसांची मुळं बुजतात आणि काळे ठिपके, पुटकुळ्या, गळवं येतात. हाताच्या पुढच्या भागावर आणि मांड्यांवर. मांड्यांवर का? तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगाला चिकटलेली असते आणि तेलकट कापडाचा बोळा खिशात असतो.

द्राक्षबागेतलं यंत्र

आता टाकीकडे वळू.

समजा टाकीत १०० लिटर कूलंट आहे, ६ टक्के. म्हणजे ६ लिटर तेल आणि ९४ लिटर पाणी. मशीन गरम, हवा कोरडी. पंधरवड्यात ३० लिटर पाणी उडून गेलं, असं धरू. तेल उडत नाही. आता ७० लिटरमध्ये ६ लिटर, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या वर. पातळी खाली गेलेली पाहून कुणीतरी अंदाजाने एक मग तेल आणि दोन बादल्या पाणी ओततो. पुढच्या पाळीचा दुसरा माणूस ‘पातळ वाटतंय’ म्हणून आणखी एक मग. महिन्याभरात प्रमाण दहा-बाराच्या पुढे जातं, आणि जंतुनाशक, अमाइन, सगळंच त्याच प्रमाणात वाढतं. हात त्यातच असतो. प्रमाण कमी झालं तरी बरं नाही. मग जंतू वाढतात आणि जॉब गंजतो.

हे मोजायचं यंत्र तासगावच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराच्या घरात सापडेल. मण्याचा रस काचेवर टाकून डोळ्याला लावतात आणि साखर पाहतात, तो ब्रिक्स मीटर. त्याचंच नाव रिफ्रॅक्टोमीटर. कूलंटचा थेंब टाकला की आकडा दिसतो. त्याला कूलंटच्या माहितीपत्रकात दिलेल्या गुणकाने गुणलं की खरं प्रमाण मिळतं. आकडा ४ आणि गुणक १.५ असेल तर ६ टक्के. एवढंच. इन्सर्टच्या, म्हणजे टूलला लावायच्या बदलत्या पात्यांच्या, एका डब्याच्या खर्चात बसणारं हे यंत्र अजून कित्येक शेडमध्ये नाही, याची मला खरोखर खंत वाटते. निर्यातीच्या द्राक्षाची गोडी आपण मण्यामण्याने तपासतो. आपल्याच पोरांचे हात ज्यात बुडतात ते मात्र मगाने आणि नजरेने.

पाण्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचं पाणी जड, क्षारांचं. गीझरच्या कॉइलवर जमतो तोच पांढरा थर. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, पुन्हा बोअरचं पाणी, पुन्हा क्षार. शेवटी क्षार इमल्सिफायरला बांधून टाकतात आणि कूलंट नासलेल्या दुधासारखं फुटतं. वर तेलाचा तवंग, खाली चोथापाणी. आरओचं पाणी वापरलं तर हे टळतं. बनवतानाही एक पथ्य आहे: आधी पाणी घ्यायचं, मग त्यात ढवळत ढवळत तेल सोडायचं. उलट केलं तर गाठी होतात आणि मिश्रण कधीच नीट बसत नाही. आणि टाकीत भर घालताना नुसतं तेल किंवा नुसतं पाणी न घालता पातळ मिश्रण वेगळ्या बादलीत करून घालायचं.

सुट्टीनंतरचा वास

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी शेडचं शटर उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. हा वास जंतूंचा. मशीनच्या स्लाइडचं तेल गळून टाकीवर साय धरतं. त्याला ट्रॅम्प ऑइल म्हणतात. पंप बंद, वर तेलाची साय, म्हणजे खाली हवा पोहोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू माजतात. बिघडलेल्या टाकीत एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांहून जास्त जंतू असू शकतात. ते कूलंटमधली द्रव्यं खातात, आम्ल सोडतात आणि पीएच घसरतो.

हे जंतू थेट हाताला रोग लावतात असं सहसा होत नाही. घात होतो तो उपायाने. वास आला की बाटलीतलं जंतुनाशक टाकीत ओतलं जातं, तेही अंदाजाने, ‘जरा जास्तच टाक’ म्हणून. त्या दिवशी हातांची आग होते. ॲलर्जी घडवणारी द्रव्यं हीच, आणि ती आता कितीतरी पट. खरा उपाय कंटाळवाणा आहे: वरची तेलाची साय रोज काढा, तळाचा गाळ काढा, सुट्टीत पंप थोडा वेळ फिरेल असं बघा, आणि कूलंट बदलताना टाकी धुऊन मगच नवं भरा. न धुतलेल्या टाकीत नवं कूलंट घालणं म्हणजे जुन्या विरजणात ताजं दूध ओतणं.

हात धुण्यातच हात जातात

पाळी संपली. हात काळे आहेत. मग रॉकेल, डिझेल, थिनर किंवा कपड्यांची पावडर आणि लाकडाचा भुसा. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. रॉकेल आणि थिनर ग्रीस काढतात तसा कातडीतला स्निग्धांशही काढतात. कपड्यांच्या पावडरीतला सोडा कूलंटपेक्षाही जास्त अल्कधर्मी असतो. भुसा पॉलिश पेपरचं काम करतो. आठ तासांत कूलंटने जेवढी भिंत झिजवली नसेल तेवढी ही पाच मिनिटं झिजवतात.

त्याऐवजी सौम्य लिक्विड साबण, कोमट किंवा साधं पाणी, आणि पुसायला स्वच्छ कोरडा कपडा. जॉब पुसायचा बनियनचा तुकडा नव्हे. फार तेलकट असेल तर आधी थोडं खोबरेल चोळून पुसून घ्यायचं, तेलाने तेल सुटतं, मग साबण. हाताला एअर गन लावून कूलंट उडवायचं बंद करायचं. दाबाची हवा बारीक कण कातडीत घुसवते आणि त्याहून भयंकर इजाही करू शकते. अंगठी, कडं, हातातला दोरा कामाआधी काढायचा. त्याखाली कूलंट अडकून राहतं, आणि जॉब धरून फिरणाऱ्या चकमध्ये अंगठी अडकली तर काय होतं ते मी सांगायला नको.

धुतल्यावर आणि रात्री झोपताना जाडसर, बिनवासाचं मलम लावायचं. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. मधल्या सुट्टीत एकदा आणि रात्री एकदा. कामाआधी लावायची ‘बॅरिअर क्रीम’ मिळतात, पण ती अदृश्य हातमोजे नव्हेत. त्यांच्या भरवशावर हात बुडवू नयेत.

‘मग हातमोजे घाला की’

हा पहिला आक्षेप आणि तो अर्धाच बरोबर आहे. स्पिंडलजवळ, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याजवळ, ड्रिलिंग मशीनवर, साध्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत म्हणजे नाहीत. मोजा अडकला की बोट, कधी अख्खा हात ओढला जातो. भेगा बऱ्या होतात, बोट परत येत नाही.

सीएनसीवर मात्र दार उघडतं तेव्हा स्पिंडल थांबलेला असतो. तिथे जॉब काढण्या-लावण्यासाठी, तसंच टाकी साफ करताना आणि तेल मिसळताना नायट्राइल रबराचे मोजे योग्य. सुती मोजे नकोत, ते कूलंट पिऊन घेतात आणि ओली पट्टी बांधल्यासारखा हात त्यात मुरत राहतो. लॅटेक्सचे मोजे खनिज तेलाने फुगून खराब होतात. मोज्यात कूलंट शिरलं तर तो टाकून द्यायचा. आणि सगळ्यात चांगला मोजा म्हणजे हात कमी भिजेल अशी सोय: धार नीट वळवणं, स्प्लॅश गार्ड, चिप्स ओढायला आकडा किंवा ब्रश, जॉब निथळायला एक जाळी. यातलं बरंचसं शेडमधल्या भंगारातून बनतं.

‘आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं काम केलं, त्यांना काही झालं नाही’

झालं नसेल. पण ज्यांना झालं त्यांतले किती जण चाळीस वर्षं टिकले? ज्याचे हात फुटले तो दोन वर्षांत काम सोडून रिक्षा चालवायला लागला किंवा शेतावर परत गेला. जे उरले तेच आपल्याला दिसतात. दुसरं म्हणजे जुन्या लेथवर कूलंट बारीक धारेने किंवा ब्रशने लागायचं; आज सीएनसीत ते दाबाने फवारलं जातं, जॉब न्हाऊन बाहेर येतो आणि तो दिवसातून शेकडो वेळा हातात घ्यावा लागतो.

मालकांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. जॉबवर्कचे दर वर्षानुवर्षं तिथेच, पैसे नव्वद दिवसांनी. कूलंटवर कोण खर्च करणार? पण स्वच्छ टाकीने टूल जास्त टिकतं, जॉब गंजून परत येत नाही आणि कूलंट कमी वेळा बदलावं लागतं. शिकलेला ऑपरेटर सुट्टीवर गेला तर मशीन उभं राहतं, तो खर्च वेगळाच.

‘कॅन्सर होतो का?’

भीती उगाच नाही, पण ती नेमकी ठेवायला हवी. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. पुढे इंग्लंडच्या सूतगिरण्यांत, यंत्राचं तेल दिवसभर कपड्यांवर उडणाऱ्या कामगारांत तोच आजार दिसला. ती तेलं कमी शुद्ध केलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशी न शुद्ध केलेली किंवा जुजबी शुद्ध केलेली खनिज तेलं माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. आजच्या चांगल्या कूलंटमध्ये अतिशुद्ध तेल असतं, ते त्या गटात नाही. पण काही शेडमध्ये गाडीचं जळकं ऑइल कटिंग ऑइल म्हणून वापरतात. ते वापरू नका. स्वस्तात मिळतं म्हणूनही नको.

हळद, ट्यूब आणि खरूज

सांगलीत हळदीविरुद्ध लिहायला हात जड होतो. पण फुटलेल्या, सुजलेल्या कातडीवर हळदीचा लेप हा या आजाराचा इलाज नाही. हळदीतल्या कर्क्युमिनची काहींना ॲलर्जीही होते.

मेडिकलमधल्या ट्यूबचं प्रकरण जास्त गंभीर आहे. तडक आराम देणाऱ्या पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस महिनोन्महिने लावत राहतो. कातडी पातळ होते, म्हणजे आधीच दोन भागांची असलेली भिंत आणखी झिजते. मुळात गजकर्ण असेल तर ते लपून पसरत राहतं. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती यासाठीच. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड, सांगितले तेवढे दिवस, हे मात्र योग्य औषध आहे. त्याला घाबरू नये.

आणि खरूज? खरूज किड्याने होते, रात्री जास्त खाजते आणि घरातल्या इतरांनाही लागते. कूलंटचा डर्मटायटिस संसर्गजन्य नाही. भाच्याचा टॉवेल वेगळा करायचं काही कारण नव्हतं.

डॉक्टरकडे काय न्यायचं, कायदा काय म्हणतो

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. तिथे जा किंवा खासगी तज्ज्ञाकडे, पण नुसते हात घेऊन जाऊ नका. कूलंटच्या डब्याच्या लेबलचा फोटो घ्या आणि सुपरवायझरकडून त्याची सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. ती सोळा भागांची असते. दुसऱ्या भागात धोके, तिसऱ्यात घटक. त्यात ‘एच ३१५’ दिसलं तर अर्थ कातडीची जळजळ, ‘एच ३१७’ दिसलं तर ॲलर्जी होऊ शकते. सोबत कागदावर लिहा: काम काय, कोणता धातू, हात कशाने धुता, सुट्टीत बरं वाटतं का, टाकीत शेवटचं काय ओतलं.

ॲलर्जीची शंका असेल तर पॅच टेस्ट करतात. संशयित रसायनांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात, मग काढून पाहतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. सुई नसते. टाकीतलं कूलंट घरीच हातावर लावून ‘टेस्ट’ करू नये.

खनिज तेलाने होणारा डर्मटायटिस आणि तेलाच्या पुटकुळ्या हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात नाव घेऊन लिहिलेले आजार होते. असा आजार आढळला तर कळवणं व्यवस्थापकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. कामगाराला धुण्याची पुरेशी सोय देणं ही मालकाची जबाबदारी. साबण ही मेहेरबानी नाही. अडचण अशी की नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरायला वीस कामगार लागतात. पाच-सात जणांच्या गाळ्याला त्यातल्या बऱ्याच तरतुदी पोहोचत नाहीत, आणि आपल्याकडे असे गाळे गल्लीगल्लीत आहेत. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर तिथेही ‘कामामुळे झालेला त्वचारोग’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. ‘हाताला खाज’ एवढ्यावर पुढे काही होत नाही.

भाच्याची पॅच टेस्ट झाली. तिसऱ्या भेटीत पाठीवरचा एक ठिपका लाल, उठलेला होता: आयसोथायाझोलिनोन, टाकीतलं जंतुनाशक. मालकाने त्याला तपासणी विभागात घेतलं, कोरड्या जॉबवर. ओव्हरटाइम गेला, हात सुधारले. पण हाच रसायनांचा गट शॅम्पूत, भांड्याच्या लिक्विडमध्ये आणि भिंतीला लावायच्या, पाण्यात कालवलेल्या रंगातही असतो. दिवाळीआधी ताईने घर रंगवायला काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. रंगाला त्याने हात लावला नव्हता. तो फक्त त्या खोलीत झोपला होता. आता बाजारात गेलं की ताई चष्मा लावून बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचते, आणि एक अवघड नाव चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवते.